‘युद्धविरोधी’ म्हणजे नेमक्या कोणत्या युद्धाचा विरोधी?

देवरुखजवळच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या नववीतल्या एका विद्यार्थिनीने निबंधस्पर्धेसाठी लिहिताना ‘माझे बाबा सैनिक आहेत आणि मी युद्धविरोधी आहे’ असे वाक्य लिहिले. परीक्षकांनी ‘युद्धविरोधी’ हा शब्द लाल शाईने खोडला, त्याच्या डोक्यावर ‘शांतताप्रिय’ असे लिहिले आणि समासात ‘विसंगत विधान’ असा शेरा मारला. बाईंना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, त्यापेक्षा ‘शांततावादी’ हा शब्द योग्य ठरला असता का, आणि सैनिकाच्या मुलीने स्वतःला युद्धविरोधी म्हणवून घेण्यात भाषेच्या दृष्टीने खरोखर काही विसंगती आहे का.

गेली तीसेक वर्षे मी रत्नागिरीत भाषांतराचे आणि मुद्रितशोधनाचे काम करतो, त्यातली काही वर्षे वृत्तपत्राच्या टेबलावर गेली, आणि या शब्दाने मला स्वतःलाही एकदोनदा अडचणीत आणलेले आहे. म्हणून प्रथम निकाल सांगतो आणि मग कारणे. मुलीचा शब्द बरोबर होता, परीक्षकांची दुरुस्ती चूक होती, आणि ‘शांततावादी’ हा शब्द चुकीचा ठरला नसता, तरी मुलीला जे म्हणायचे होते त्यापेक्षा तो पुष्कळ अधिक म्हणाला असता. मात्र परीक्षकांचा गोंधळ अगदीच निराधार नाही. तो ज्या समासातून निर्माण झाला (शेरा लिहिण्याचा समास नव्हे, व्याकरणातला), तो समास मुळातच एक माहिती गिळून बसलेला आहे.

‘युद्धविरोधी’ या तत्पुरुष समासाचा विग्रह आपण ‘युद्धाला विरोधी’ असा करतो. समास होताना विभक्तीचा प्रत्यय जातो, हे शाळेत शिकवले जाते, परंतु प्रत्ययाबरोबर वचनही जाते याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. विग्रह ‘युद्धाला विरोधी’ असा आहे की ‘युद्धांना विरोधी’ असा? समोर चाललेल्या या एका युद्धाला विरोध आहे, की युद्ध नावाच्या प्रकारालाच, कोणीही, कोठेही, कोणत्याही कारणाने केलेल्या युद्धाला? सुट्या शब्दांत बोलताना ‘या’, ‘त्या’, ‘कोणत्याही’, ‘सगळ्या’ अशी विशेषणे लावून आपण हा फरक दाखवतो, पण समासात त्यांना जागा नसते. त्यामुळे ‘युद्धविरोधी’ या एकाच शब्दात दोन माणसे राहतात, आणि त्यांचे आपापसांत पटतेच असे नाही.

हा प्रकार कोकणातल्या वाचकाला निराळा समजावून सांगण्याची गरज नसावी, कारण याच घडणीचा दुसरा एक शब्द आपण तीन दशकांहून अधिक काळ रोज वापरत आलो आहोत. तो शब्द म्हणजे ‘प्रकल्पविरोधी’. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा वीजप्रकल्प, जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणारची आणि नंतर बारसूची रिफायनरी, या प्रत्येक वेळी गावागावांत ‘प्रकल्पविरोधी’ लोक होते. त्यांतले बहुतेक जण ‘या’ प्रकल्पाला ‘या’ जागेवर विरोध करत होते. कोणाचा आक्षेप आंब्याच्या बागांसाठी होता, कोणाचा मासेमारीसाठी, कोणाचा सड्यावरच्या कातळशिल्पांसाठी. मात्र पलीकडच्या बाजूने बोलताना हाच शब्द ‘कोणत्याही प्रकल्पाला विरोध करणारे’ या अर्थाने उच्चारला जाई आणि पुढच्याच वाक्यात तो ‘विकासविरोधी’ होऊन बसे. शब्द तोच राहिला, वचन बदलले आणि आरोप तयार झाला. ‘युद्धविरोधी’चेही नेमके हेच होते. एका युद्धाला विरोध करणाऱ्याला प्रथम सर्व युद्धांचा विरोधक ठरवायचे, मग सैन्याचा, आणि मग देशाचा. या तीन पायऱ्यांत भाषेने आपणहून घेतलेली पायरी पहिली एकच आहे. बाकीच्या दोन बोलणाऱ्याने चढलेल्या असतात.

या पहिल्या पायरीवर किती काही अवलंबून असते, हे अमेरिकेतल्या कायद्यावरून दिसते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तेथे सक्तीची लष्करभरती होती, आणि सद्सद्विवेकबुद्धीमुळे हाती शस्त्र घेता येत नाही असे सांगणाऱ्याला त्यातून सूट मिळे, पण त्याचा विरोध कोणत्याही स्वरूपातल्या युद्धाला असला पाहिजे, अशी अट होती. मार्च १९७१ मध्ये गिलेट नावाच्या तरुणाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की, केवळ व्हिएतनामच्या युद्धाला विरोध असेल तर ही सूट मिळणार नाही. मुष्टियोद्धा मुहम्मद अली याने एप्रिल १९६७ मध्ये भरतीला नकार दिला, त्याचे विजेतेपद गेले, त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच्या प्रकरणातही सरकारपक्षाचा एक आक्षेप हाच होता की, याचा विरोध सर्व युद्धांना नाही. जून १९७१ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली, ती अपील मंडळाने सूट नाकारताना कारणच नोंदवले नव्हते या मुद्द्यावर. ‘युद्धाला’ की ‘युद्धांना’, या एका अनुस्वाराएवढ्या फरकावर तेथे माणसे तुरुंगात जात होती किंवा सुटत होती. आपल्याकडे सक्तीची भरती नसल्यामुळे अशा नकार देणाऱ्या माणसासाठी मराठीत सुटसुटीत शब्द रुळलेला नाही आणि भाषांतर करताना दरवेळी अर्धे वाक्य खर्ची घालावे लागते.

आता ‘शांततावादी’. युरोपीय भाषांतला याला समांतर असलेला शब्द एमिल आर्नो या फ्रेंच गृहस्थाने १९०१ मध्ये ग्लासगो येथे भरलेल्या जागतिक शांतता परिषदेत रूढ केला, म्हणजे तो शब्द जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. ‘-वाद’ हा प्रत्यय लागला की ती गोष्ट एका प्रसंगापुरती राहत नाही, तिच्यामागे तत्त्व येते. शांततावादी माणूस युद्ध सुरू नसतानाही शांततावादी असतो. युद्धविरोधी माणसाला विरोध करायला समोर युद्ध, निदान युद्धाची चाहूल लागते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आलेल्या पहिल्या महिला सदस्य जेनेट रँकिन यांचे उदाहरण मी नेहमी देतो. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या ठरावाविरुद्ध त्या सभागृहात ५० मते पडली, त्यांत त्यांचे एक होते. १९४१ मध्ये जपानविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या ठरावाला सभागृहात एकच विरोधी मत पडले आणि तेही त्यांचेच होते. १९१७ च्या त्या पन्नासही जणांना त्या दिवसापुरते ‘युद्धविरोधी’ म्हणता येते. ‘शांततावादी’ म्हणायचे तर मात्र दुसऱ्या मतदानाची वाट पाहावी लागते.

एक व्यावहारिक अडचणही आहे. ‘-वादी’ या प्रत्ययाची संगत अलीकडे बिघडली आहे. दहशतवादी, फुटीरतावादी, जातीयवादी असे शब्द रोज कानांवर पडत असल्यामुळे ‘शांततावादी’ या शब्दालाही हटवादीपणाचा थोडा वास येतो, आणि कोर्टाच्या आवारात वावरणाऱ्यांच्या दृष्टीने तर वादी म्हणजे दावा लावणारा पक्षकार. हा दोष शब्दाचा नव्हे, पण लिहिणाऱ्याने त्याची जाणीव ठेवावी.

‘शांतताप्रिय’ हा शब्द मात्र मी या संदर्भात साफ नाकारतो. रत्नागिरीतल्या कोणत्याही इस्पितळाबाहेर ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी दिसते, तेथे शांतता म्हणजे हॉर्न न वाजवणे. वर्गात ‘शांतता पाळा’ म्हणजे गप्प बसा. शिमग्याच्या किंवा गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते, तेथे शांतता म्हणजे पालखीच्या मानावरून किंवा मिरवणुकीच्या रस्त्यावरून डोकी न फुटणे. ‘शांती’ हे रूप घ्यावे तर कोकणात वास्तुशांत, उदकशांत आणि साठीशांत आधी आठवतात. शांतताप्रिय माणूस हा या सगळ्या अर्थांनी सज्जन शेजारी असतो, पण युद्धाबद्दल त्याचे काय मत आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही. किंबहुना प्रत्येक देश युद्ध पुकारताना ‘आम्ही मुळात शांतताप्रिय आहोत’ असेच म्हणत असतो, आणि १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या आपल्या सैन्याचे नावही शांतिसेना असेच होते. ‘प्रिय’मध्ये आवड आहे, भूमिका नाही. परीक्षकांनी मुलीच्या भूमिकेच्या जागी आवड लिहिली.

समासाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे ‘विरोधी’, हाही वाटतो तितका सरळ नाही. संस्कृतातून आलेला त्याचा जुना अर्थ ‘जुळत नसलेला, विपरीत’ असा आहे. शास्त्रविरोधी मत म्हणजे शास्त्राशी न जुळणारे मत, तेथे कोणी शास्त्राविरुद्ध घोषणा देत नसते. दुसरा अर्थ ‘जाणूनबुजून विरोध करणारा’, आणि आपला शब्द त्यातला. तिसरा अर्थ गेल्या शतकात भाषांतरांमधून आला, तो ‘मुकाबला करण्यासाठी बनवलेला’ असा. जून २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस अर्नाळा’ ही वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचे नाव धारण करणारी नौका ‘पाणबुडीविरोधी युद्धनौका’ आहे. ती पाणबुड्यांच्या विरोधात मत बाळगत नाही, ती पाणबुड्या शोधून बुडवण्यासाठी बांधलेली आहे. फार वर्षांपूर्वी अशाच एका नौकेची बातमी लावताना जागा वाचवण्याच्या नादात माझ्या हातून मथळ्यात ‘युद्धविरोधी नौका दाखल’ असे गेले. सकाळी सात वाजता एका निवृत्त खलाशाचा दूरध्वनी आला, “अहो, ती नौका आता लढणार नाही म्हणता, मग करणार काय?” दिलगिरी छापण्यासारखे प्रकरण नव्हते, पण त्या दिवसापासून ‘विरोधी’ दिसले की माझा हात थबकतो.

खरे तर या तिसऱ्या अर्थासाठी मराठीत वेगळे आणि चांगले शब्द आहेत. विमाने पाडणाऱ्या तोफेला आपण विमानवेधी म्हणत आलो, रणगाडे फोडणाऱ्या अस्त्राला रणगाडाभेदी म्हणता येते, होडीच्या लोखंडाला लावायचा रंग गंजरोधक असतो, आंब्यावर फवारायचे औषध बुरशीनाशक असते, आणि लाच घेणाऱ्यांना पकडणारा सरकारी विभाग ‘लाचलुचपत प्रतिबंधक’ असतो. कोकणातला बागायतदार नाशक आणि प्रतिबंधक यांतला फरक चुकत नाही, कारण चुकला तर मोहोर जातो. तोच काटेकोरपणा इथे लावला तर एक महत्त्वाची गोष्ट सुटी होते. समोरच्याने हल्ला करू नये म्हणून आपण जबर शस्त्रे बाळगावीत, अगदी अण्वस्त्रेही बाळगावीत, या धोरणाला ‘युद्धप्रतिबंधक’ म्हणता येईल, पण ‘युद्धविरोधी’ म्हणता येणार नाही. युद्ध होऊ नये असे दोन्ही बाजूंना वाटत असते, पण एकाचा भरवसा शस्त्रावर असतो आणि दुसऱ्याचा आक्षेपच शस्त्रावर असतो. भाषणांत हे दोन शब्द सर्रास मिसळले जातात, आणि मिसळणाऱ्याच्या ते सोयीचे असते.

सैनिकाच्या घरातला माणूस युद्धविरोधी कसा, या मुद्द्याकडे येण्याआधी एक संदर्भ घेतला पाहिजे, कारण त्यात दोन कोकणी माणसे आहेत. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा भावे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देत होते आणि दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी ती उतरवून घेत होते. अर्जुन लढायला नको म्हणतो म्हणून तो अहिंसेकडे वळला होता, हा समज विनोबांनी पहिल्याच प्रवचनात खोडून काढला. त्यांनी दाखला दिला तो एका न्यायाधीशाचा. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावलेल्या त्या न्यायाधीशासमोर एके दिवशी स्वतःचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो, आणि मग फाशीची शिक्षा कशी अमानुष आहे, याची तत्त्वे त्याला सुचू लागतात. अर्जुनाने त्याआधी कितीतरी लढाया केल्या होत्या. त्याचा नकार या एका युद्धाला होता आणि तोही समोर आपली माणसे आहेत म्हणून. आपल्या परिभाषेत सांगायचे तर अर्जुन क्षणभर युद्धविरोधी झाला असेल, शांततावादी तो कधीच नव्हता.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी सुरू झालेल्या वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी याच विनोबांना निवडले, आणि तो सत्याग्रह शब्दशः युद्धविरोधी होता. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदी पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले होते. सत्याग्रहींनी गावोगाव जी घोषणा म्हणायची होती तिचे दोन भाग होते. ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नाला माणसे किंवा पैसा देणे चूक आहे, हा पहिला; सर्वच युद्धांना अहिंसक प्रतिकार करणे हाच योग्य प्रयत्न होय, हा दुसरा. पहिला भाग या युद्धाचा, दुसरा सर्व युद्धांचा. काँग्रेसमधल्या पुष्कळांना पहिला भाग मनापासून मान्य होता आणि दुसरा केवळ गांधीजींच्या भिडेखातर. त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्याला भरलेल्या बैठकीत स्वातंत्र्याचे आश्वासन मिळाल्यास युद्धात मदत करण्याची तयारी काँग्रेसने दाखवलीच होती. ज्या समासाने वचन गिळले ते वचन या घोषणेने दोन वाक्ये करून परत बाहेर काढले, आणि माझ्या माहितीत या शब्दाचा इतका नेमका उलगडा दुसरीकडे नाही. स्वतः गांधीजींनी बोअर युद्धात रुग्णवाहिका पथक उभारले होते आणि १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरून सैन्यभरतीचा प्रचार केला होता, तेव्हा त्यांच्यापुढे ‘शांततावादी’ लिहिताना सालही लिहावे. कम्युनिस्टांची गोष्ट आणखी निराळी. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला करेपर्यंत ते या युद्धाला साम्राज्यवादी म्हणून विरोध करत होते, आणि त्या वर्षअखेरीपर्यंत त्यांच्या लेखी ते ‘लोकयुद्ध’ झाले. युद्ध तेच, तोफा त्याच. विशेषण बदलले तशी युद्धविरोधाची गरज उरली नाही.

आता सैनिकांविषयी. महाड तालुक्यातले एक आंबवडे गाव ‘फौजी आंबवडे’ या नावानेच ओळखले जाते, कारण तेथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस सैन्यात गेलेला आहे. अशा गावात सैन्याबद्दल आदर शिकवावा लागत नाही आणि युद्ध म्हणजे काय, हेही समजावून सांगावे लागत नाही. माझे थोरले मामा १९६५ च्या लढाईत होते. पेन्शनीवर आल्यावर ते गावी पडवीत बसून सुंभ वळत, आणि मुलांनी लढाईच्या गोष्टीसाठी हट्ट धरला की थंडीची, खंदकातल्या चिखलाची, पत्र उशिरा पोचण्याची गोष्ट सांगत. गोळीपाशी आले की वळलेला सुंभ पुन्हा उसवून बघत बसत. ‘युद्धस्य कथा रम्या’ हे वचन मास्तरांनी फळ्यावर लिहिले तेव्हा, ते वचन कथांबद्दल आहे, युद्धाबद्दल नाही, हे मला मामांमुळे आधीच ठाऊक होते. दुरून डोंगर साजरे, हीच ती गोष्ट. मामांनी स्वतःला युद्धविरोधी कधी म्हटले नाही, आणि मीही त्यांच्यावर तो शब्द चिकटवणार नाही, पण मामा सैनिक होते म्हणून त्यांना युद्ध प्रिय होते असे कोणी लिहिले असते तर त्यांनी ते खोडले असते. सैन्य ही संस्था आहे, युद्ध ही घटना आहे. ‘युद्धविरोधी’ आणि ‘सैन्यविरोधी’ हे निरनिराळ्या नामांवर बेतलेले दोन निरनिराळे समास आहेत, आणि एकाचा अर्थ दुसऱ्यात ओतायला व्याकरणात आधार नाही.

जाता जाता एक निरीक्षण नोंदवतो. मामा ‘युद्ध’ हा शब्द वापरतच नसत. ते ‘लढाई’ म्हणत. आमच्याकडे ‘युद्ध’ हा शब्द दशावताराच्या रंगमंचावरचा, राजा आणि राक्षस मृदंगाच्या ठेक्यावर तलवारी आपटत गोल फिरतात तो. जिथून तार येते ती लढाई. तरीही ‘लढाईविरोधी’ असा समास कोणी करत नाही, कारण ‘विरोधी’ला तत्सम शब्दाचीच जोड कानाला बरी वाटते. त्यामुळे ज्यांनी लढाई पाहिली त्यांच्या तोंडी हा शब्द सहसा येत नाही आणि ज्यांच्या तोंडी येतो त्यांनी बहुधा युद्ध वाचलेले असते. हा शब्दाचा दोष मानावा की नाही हे मला ठरवता आलेले नाही.

आसपासच्या शब्दांपैकी ‘युद्धबंदी’ हा सर्वांत धोक्याचा. बंदी म्हणजे मनाई आणि बंदी म्हणजे कैदीही. १९४९ मध्ये काश्मीरमध्ये आखली गेली ती युद्धबंदी रेषा, आणि १९७१ मध्ये ढाक्यात शरण आलेले सुमारे ९३,००० तेही युद्धबंदी. दोन्ही अर्थ एका बातमीत येण्याची वेळ नेमकी लढाई थांबतानाच येते, कारण लढाई थांबली की कैद्यांची अदलाबदल सुरू होते. माझा शिरस्ता असा की, माणसांसाठी ‘युद्धकैदी’ आणि थांबण्यासाठी ‘शस्त्रसंधी’ किंवा ‘युद्धविराम’ लिहावे, ‘युद्धबंदी’ला दोन्हीकडून सुट्टी द्यावी. (ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८५ च्या युद्धात पदच्युत होऊन पुढल्या वर्षी रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला, त्याला कैदी म्हणावे, बंदी म्हणावे की नुसते स्थानबद्ध, हा वाद इथल्या पर्यटनाच्या पाट्यांवर अजून मिटलेला नाही.) ‘युद्धनिषेध’ हाही ‘युद्धविरोध’ नव्हे. निषेध झालेल्या गोष्टीचा करतात, विरोध होऊ घातलेल्या किंवा चालू असलेल्या गोष्टीला. ‘युद्धत्याग’ हा शब्द राष्ट्रांसाठी ठेवावा. १९२८ च्या पॅरिस करारात सह्या करणाऱ्या देशांनी आणि १९४७ मध्ये अमलात आलेल्या जपानच्या राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदाने जे केले ते त्याग या सदरात येते. ज्याच्या हाती युद्ध पुकारण्याचा अधिकारच नाही, अशी नववीतली मुलगी युद्धाचा त्याग करू शकत नाही, विरोध करू शकते.

वापराविषयी थोडेसे. ‘युद्धविरोधी’ हे मुळात विशेषण आहे आणि ते कृतीला, मजकुराला, भूमिकेला उत्तम लागते: युद्धविरोधी सभा, युद्धविरोधी लेख, युद्धविरोधी ठराव. १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराकवर होऊ घातलेल्या हल्ल्याविरुद्ध जगातल्या शेकडो शहरांत जे निघाले ते युद्धविरोधी मोर्चे होते, आणि ‘मोर्चा’ हा मुळात किल्ल्याला वेढा घालताना बांधायच्या आडोशाचा शब्द आहे, याचे कोणाला काही वाटले नाही, वाटायचे कारणही नाही. मराठी ही मोहिमांतून वाढलेली भाषा आहे. तिच्यात युद्धाला विरोध करायचा तरी मोर्चा काढावा लागतो, आघाडी उघडावी लागते आणि कंबर कसावी लागते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडचे विजेचे खांब आडवे केले तेव्हा वीज ‘युद्धपातळीवर’ सुरू करण्याचे काम चालू असल्याच्या बातम्या आम्ही कंदिलाच्या उजेडात वाचल्या.

व्यक्तींविषयी बोलताना, विशेषतः अनेकवचनात, ‘युद्धविरोधकांनी’ असे लिहावे. ‘युद्धविरोध्यांनी’ हे रूप अशुद्ध नाही, पण वाचणारा तिथे अडखळतो. भाववाचक नाम ‘युद्धविरोध’ एवढे पुरे, ‘युद्धविरोधीपणा’ नको. शब्द जोडून लिहावा, मध्ये जागा सोडू नये, कारण ‘युद्ध विरोधी’ असे तोडले की ‘विरोधी’ हा शत्रू म्हणून वेगळा उभा राहतो. आणि आधी द, मग ध. संगणकावर अर्धा ध आधी घेऊन केलेला ‘युध्द’ इतक्या फलकांवर दिसतो की डोळ्यांना तोच सवयीचा होत चालला आहे. मुलांना ‘शुद्ध’, ‘बुद्ध’, ‘सिद्ध’ यांच्या रांगेत बसवून तो एकदाच शिकवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जिथे संदर्भावरून स्पष्ट होत नसेल तिथे कोणत्या युद्धाला विरोध आहे, ते समासाबाहेर दुसऱ्या वाक्यात सांगावे. शब्दाने गिळलेले वचन लिहिणाऱ्याने परत द्यावे.

बाईंनी विद्यार्थिनीचा पुढचा परिच्छेदही पाठवला होता, आणि तिने ते दिलेले आहे. बाबा सुट्टीवर आले की ती त्यांच्याबरोबर बाजारात जाते, सुट्टी संपली की देवरुखच्या एसटी स्टँडवर त्यांना पोचवायला जाते, आणि बातम्यांत सीमेचे नाव आले की आई टीव्हीचा आवाज बंद करते पण चित्र चालू ठेवते. म्हणून कोणाचेच बाबा कुठल्याच लढाईत जाऊ नयेत, तिकडच्या मुलींचेही, असे तिला वाटते. हा सर्व युद्धांना विरोध आहे, आणि म्हणून कोणी ‘शांततावादी’ म्हटले तरी मी भांडणार नाही. पण तिने तत्त्व मांडलेले नाही, तिने नको म्हटले आहे. त्यासाठी तिने निवडलेला शब्द नेमका आहे.

राहिला ‘विसंगत विधान’ हा शेरा. परीक्षकांनी विशेषण खोडले, पण ज्या शब्दात खरी भूमिका आहे त्याला हात लावला नाही. विसंगती असती तर मुलीने ‘माझे बाबा सैनिक आहेत, पण मी युद्धविरोधी आहे’ असे लिहिले असते. तिने ‘आणि’ लिहिले आहे. गुणपत्रिका बदलता येणार नसेल तर निदान वहीत ते वाक्य होते तसे पुन्हा लिहून घ्यावे, आणि लिहिताना कोणी घाईत तिथे ‘पण’ घालणार नाही याकडे बाईंनी लक्ष द्यावे.